रातपाळीच्या घरातले पाठ

बी.एड.च्या वर्षात माझ्या प्रत्येक पाठाच्या निरीक्षणाखाली एक वाक्य ठरलेलं असायचं : आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत नाही. वर कधी 'फलकलेखन सुबक' असायचं, कधी 'तयारी चांगली' असायचं, पण खाली हे यायचंच. आमच्या मार्गदर्शक बाई कागद हातात देताना म्हणायच्या, "घरी जेवतेस ना गं पोटभर?"

जेवत होते. मुकुंदवाडीला काकांकडे राहत होते आणि काकू मला स्वतःआधी वाढत होती. आजही त्या घराबद्दल लिहिताना पहिल्यांदा ते ताट डोळ्यांसमोर येतं, आणि मग बाकीचं लिहिणं जड जातं.

आमचं घर मेंढरांचं. वैजापूर तालुक्यात थोडी कोरडवाहू जमीन, बाकी सगळं मेंढरांवर. वर्षातले काही महिने वडील कळप घेऊन बाहेरच असायचे. घरात पदवीपर्यंत गेलेली मी पहिली. मुलांत आणि मुलींतही. शाळा-कॉलेज तालुक्याच्या गावी, वसतिगृहात राहून झालं. बी.एड.ला नंबर लागला तो औरंगाबादला. तेव्हा शहराचं नाव तेच होतं. मुलींचं वसतिगृह भरलेलं. राहायचं कुठं हे काही ठरत नव्हतं, तेव्हा वडिलांचे धाकटे भाऊ म्हणाले, "माझ्याकडं राहील की," आणि विषय संपला. काका चितेगावला कारखान्यात होते. मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, पण आम्हाला तो आधार मोठा वाटला.

वडील म्हणाले, "एक साल म्हणतात ना? एका सालात कर." त्यात धमकी नव्हती, हिशोब होता. माझ्या पाठची बहीण कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिलाही बी.एड.च करायचं होतं. काकांच्या घरात एकच पोरगी मावणार होती. माझं वर्ष वाया गेलं असतं तर तिची जागा मी अडवली असती, आणि मग तिचं बी.एड. कायमचं राहिलं असतं. हे कुणी बोलून दाखवलं नाही. गावात मात्र मला प्रवेश मिळाला त्या दिवसापासूनच लोक 'बाई' म्हणायला लागले होते. पारावरचे म्हातारे मला बघून बिडी लपवायचे. मी अजून एकही पाठ घेतलेला नव्हता.

आता घराबद्दल. काकांना कायम रातपाळी असायची. सकाळी आले की अंघोळ, भाकरी, आणि मग भिंतीकडे तोंड करून झोप. त्या झोपेभोवती घर चालायचं. दाराची कडी काकूनं चिंधी गुंडाळून मऊ केली होती. दूधवाला कडी वाजवायचा नाही, खिडकीत उभा राहायचा. पहिल्याच दिवशी काकूनं माझ्या कानाशी येऊन सांगितलं होतं, "हळू बोलायचं बरं का माय. माणूस रातभर उभा असतो मशिनीपुढं." आम्ही दोघी ओठांनी आणि हातांनी बोलायचो. भांडी घासताना मी ताटाखाली फडकं घ्यायला शिकले. काका जागे असले तरी घरात आवाज चढत नसे, कारण काका बोलतच नसत. विचारलं तर मान हलवायचे. मला वाटायचं, मी राहते हे त्यांना जड होतं आहे. म्हणून मी अजून हळू व्हायचे.

आणि याच घरात मला पाठांची तयारी करायची होती. पाठ म्हणजे काय, हे ज्यांनी बी.एड. केलेलं नाही त्यांना सांगायला हवं. आम्ही शहरातल्या एका शाळेत जाऊन खऱ्या मुलांपुढे शिकवायचो आणि बाई मागे बसून गुण द्यायच्या. पाठाची एक ठरलेली चाल असायची. आधी प्रस्तावना : असे दोन-चार प्रश्न विचारायचे की आजचा विषय मुलांच्याच तोंडून बाहेर यावा. मग आपण म्हणायचं, शाबास, तर आज आपण त्याचाच अभ्यास करू. मी ते सगळे प्रश्न मोरीच्या कोपऱ्यात उकिडवी बसून पुटपुटत पाठ करायचे. ओठ हलत, आवाज नाही. आणि वर्गात उभी राहिले की तोच आवाज बाहेर पडायचा, मोरीतला.

सरावशाळेतली ती मुलं पक्की तयार होती. त्यांच्यावर वर्षानुवर्षं आमच्यासारखे लोक तेच पाठ घेत आले होते. एकदा मी नदीवरचा पाठ घेत होते. पहिला प्रश्न विचारला तर मागच्या बाकावरचा एक जण उठून म्हणाला, "मॅडम, ऐकू नाही आलं. पण उत्तर नदी आहे ना?" सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या, आणि मग त्यांनी लिहिलं जे लिहायच्या ते.

दिवाळीनंतर त्यांनी माझे दोन पाठ रद्द केले. स्टाफरूमबाहेर उभं करून म्हणाल्या, "हे बघ, मी वाईट नाही. वार्षिक पाठाला बाहेरचे परीक्षक येणार. ते मागच्या भिंतीला टेकून बसतात. त्यांना ऐकूच आलं नाही तर ते काय, तुझ्या अक्षराला पास करतील? दोन्ही पाठ परत घे. नाहीतर मी तुला वार्षिकला बसवणार नाही."

"घेते बाई."

"हे सुद्धा मला ऐकू नाही आलं."

खरी गोष्ट अशी की लहानपणी माझा आवाज चांगला होता. मेंढरं पांगली की आई टेकडीच्या एका अंगानं हाळी द्यायची आणि दुसऱ्या अंगानं मी. काकांची हाळी तर गावात नावाजलेली होती, असं वडील सांगायचे. तो आवाज कुठं गेला, हे मला कळत नव्हतं. शोधायला जागाही नव्हती. कॉलेजात दुपारी वर्ग रिकामा मिळायचा नाही. शेवटी एका रविवारी मी मुकुंदवाडी स्टेशनवर गेले. तिथं थोड्याच गाड्या थांबतात, फलाट बराच वेळ ओस असतो. टोकाला जाऊन मी रुळांकडे तोंड केलं आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हटलं, "विद्यार्थी मित्रांनो!"

मागून एक बाई धावत आली. डोक्यावरचं गाठोडं तिनं तसंच टाकलं होतं. माझा दंड धरून म्हणाली, "काय झालं गं माय? असं नाय करायचं! घरी कोण बोललं का तुला?"

"नाही हो मावशी, मी शिक्षिका आहे."

"मग? मास्तरणीला का दुःख नसतं?"

तिनं मला बाकावर बसवलं, भुईमुगाच्या शेंगा खायला दिल्या आणि तिची गाडी आली तरी दोनदा वळून बघितलं. मी परत त्या स्टेशनवर गेले नाही.

त्याच आठवड्यात ते घडलं. काकू रेशनच्या रांगेत गेली होती. काका झोपले होते. मी मोरीजवळ पुटपुटत होते आणि उठताना माझा धक्का भांड्यांच्या मांडणीला लागला. एका बाजूचा खिळा आधीच सैल होता. अख्खी मांडणी खाली आली. ताटं, पातेली, तांब्या, सगळं फरशीवर आदळलं आणि एक ताट गोल फिरत काकांच्या उशापाशी जाऊन थांबलं.

मी डोळे मिटून घेतले. आता काका उठणार. उघडले तर काका तसेच. भिंतीकडे तोंड, खांदा श्वासानं वरखाली होणारा.

दारात शेजारीण आली. तिचा नवरा काकांच्याच कारखान्यात, दुसऱ्या खात्यात होता. आमची-त्यांची भिंत एकच. "काय कोसळलं गं?" म्हणत ती आत डोकावली. भांडी बघितली, मग काकांना बघितलं. "अगं माय, आन् ह्यांची झोप नाय मोडली? लई नशिबाचा माणूस बाई."

ती तिथं उभी असतानाच काकू पिशव्या घेऊन आली. तिनं एकदा शेजारणीच्या तोंडाकडे पाहिलं, पिशव्या टाकल्या, सरळ आत जाऊन काकांचा पाय हलवला. काका दचकून उठून बसले. आणि काकू माझ्यावर ओरडली. त्या घरात मी पहिल्यांदाच तिचा पूर्ण आवाज ऐकला.

"झोपमोड केलीस ना माणसाची! किती बार सांगितलं, नीट वावर म्हणून! केव्हाचे जागे होऊन पडलेत बिचारे, तू भिशील म्हणून उठले नाय!"

काका माझ्याकडे, मग तिच्याकडे बघत होते. काहीतरी विचारल्यासारखी त्यांनी मान हलवली. शेजारीण "जाऊ द्या काकू, पोर हाय," म्हणत निघून गेली. तिचं दार लागल्याचा आवाज आला तशी काकू मटकन खाली बसली, भांड्यांमध्येच.

मग तिनं मला जवळ ओढून सांगितलं, आमच्या नेहमीच्या आवाजात. काका ज्या खात्यात होते तिथं पत्रा दाबायची मोठी यंत्रं होती. उजवा कान पूर्ण गेला होता, डावा थोडा शिल्लक होता. कायम रातपाळी त्यांनी स्वतः मागून घेतली होती, कारण रात्री साहेब लोक कमी असतात, हाका मारणारं कुणी नसतं, मुकादम हातानं खुणा करतो. वर कळलं असतं तर त्यांनी मशिनीवर ठेवलं नसतं, आणि मशिनीशिवाय त्यांना दुसरं काम कुणी दिलं नसतं.

"मग आपण हळू बोलतो ते..."

"घरात गलका असला आन् माणूस उठला नाय, तर भिंतीपलीकडं कळायला किती येळ लागतो?" काकू म्हणाली. "गलकाच नसला तर कोण काय म्हणंल? म्हणतेत, लई शिस्तीचं घर."

मी खाली बघून भांडी गोळा करायला लागले. आत्तापर्यंत मला वाटत होतं, काका झोपतात म्हणून मला आवाज काढता येत नाही. आता कळलं की काकांना काही ऐकू येत नाही, आणि म्हणूनच मला आवाज काढता येणार नाही. आधी निदान रविवारी, ते जागे असताना, थोडं मोठ्यानं म्हणून बघावं असं मनात यायचं. तेही गेलं; भिंतीपलीकडं वाटलं असतं, काकांशी मोठ्यानं बोलावं लागतं. ज्या माणसानं मला घरात घेतलं त्याची भाकरी माझ्या हळू बोलण्यावर उभी होती. मी घरी पत्र लिहिलं त्यात लिहिलं, सगळं छान आहे, काका-काकू फार जपतात. ते खरंच होतं.

काकूनं त्यांना काय सांगितलं, मला माहीत नाही. दोन-तीन दिवसांनी सकाळी काका कामावरून आले, अंघोळ केली, आणि अंथरुणाकडे न जाता लूनाची किल्ली घेतली. "चल. सोडतो," म्हणाले. काकूनं झोपेची खूण केली. त्यांनी हातानंच राहू दे म्हटलं.

जालना रोडला लागलो. मी मागे एका अंगावर बसलेली, त्यामुळे माझं तोंड त्यांच्या डाव्या कानाजवळ येत होतं. ट्रक, एसट्या, रिक्षा, सगळे एकदम सिडकोकडे निघालेले. त्या गोंगाटात कोण ओरडतंय, हे कुणी विचारत नव्हतं.

"म्हण," काका म्हणाले.

"काय?"

"नाय आलं."

"काय म्हणू?" मी जरा ओरडले.

"साळंत काय म्हणतीस ते."

मला लाज वाटली. तरी मी घसा खाकरला आणि म्हटलं, "विद्यार्थी मित्रांनो, आपल्या घरी पाणी कुठून येतं?"

"नाय आलं."

"आपल्या घरी! पाणी! कुठून येतं?"

"टँकरनं."

"तसं नाही काका. नदी यायला पाहिजे उत्तर."

"मुकुंदवाडीला कुठली नदी?"

"बरं, टँकरमध्ये कुठून येतं?"

"टाकीतून."

"आणि टाकीत?"

"जायकवाडीतून."

"आणि जायकवाडीत?"

"मग असं सरळ जायकवाडीच इचार की. पोरांना कशाला उगं टँकरमागं पळवतीस?"

मोंढा नाक्याला थांबलो तेव्हाही मी ओरडतच होते. शेजारच्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली. "क्या चाचा, इम्तेहान चल रा क्या?" काकांनी त्याच्याकडे बघून हसून मान हलवली, "हां, हां." त्यांना काही ऐकू आलेलं नव्हतं. ती मान मला ओळखू आली. इतके दिवस मी तिलाच त्यांचं तुटकपण समजत होते.

वार्षिक पाठापर्यंत जमेल त्या सकाळी आम्ही असे जात राहिलो. शेतीचे प्रकार, अपूर्णांक, शिवकालीन किल्ले, सगळं जालना रोडवर ओरडून झालं. काका कधी शाबास म्हणाले नाहीत. 'नाय आलं' म्हणायचे, किंवा उत्तर द्यायचे. उत्तर दिलं म्हणजे पोहोचलं. कॉलेजच्या फाटकाशी मला उतरवून ते परत जायचे, आणि त्यांची झोप तेवढी तुटायची. हे मला कळत होतं आणि मी नको म्हणत नव्हते. नको म्हणायला माझ्याकडे दुसरा रस्ता कुठं होता?

रद्द झालेले पाठ बाईंनी मान्य केले. वार्षिक पाठाला परीक्षक खरंच मागच्या भिंतीला टेकून बसले. मी पहिला प्रश्न विचारला तसे पुढच्या बाकावरचे दोघे मागे सरकले. निकालानंतर बाईंनी मला शेरा वाचून दाखवला : आवाज वर्गाच्या मानाने मोठा. "पण पास आहेस," त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तिथंच रडले. गावी निरोप पाठवला. वडिलांनी टोपी काढून पांडुरंगाला हात जोडले, असं बहिणीनं नंतर सांगितलं.

बहिणीचा नंबर लागला आणि जूनमध्ये तिची पेटी काकांकडे आली. मला बजाजनगरला एका संस्थेच्या शाळेत नोकरी लागली होती. तिथल्याच एका शिक्षिकेबरोबर खोली घेतली होती. निघताना मी बहिणीला घर दाखवलं. कडीची चिंधी, ताटाखालचं फडकं, कुठं बसून अभ्यास करायचा.

"इतकं हळू कशाला बोलायचं?" तिनं विचारलं.

"काकांची रातपाळी असते," मी म्हटलं. काकू चुलीपाशी पाठमोरी होती. तिनं वळून बघितलं नाही. काका पुढेही बरीच वर्षं त्याच मशिनीवर होते.

बजाजनगरच्या शाळेत पत्र्याचे वर्ग होते आणि दोन वर्गांमध्ये प्लायवूडची भिंत. मला सहावी मिळाली. एका बाकावर चार-चार मुलं. पलीकडे सातवीचे सर ओरडायचे, म्हणून मी त्यांच्यावरून ओरडायचे. मुख्याध्यापक खूश होते. "नवीन आहात, पण वर्ग ताब्यात आहे," म्हणाले. माझी नेमणूक त्या वर्षापुरतीच होती, पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही हे तेच संस्थेला सांगणार होते. म्हणून मी वर्ग ताब्यात ठेवायचे. संध्याकाळी खोलीवर गेले की घशातून शब्द निघायचा नाही. मला ते चांगलं लक्षण वाटायचं.

तिसऱ्या बाकावर एक मुलगी होती. उत्तर तिला यायचं, कारण हात वर असायचा. उभी राहिली की नुसते ओठ हलायचे.

"मोठ्यानं," मी म्हणायचे. ओठ पुन्हा हलायचे. "मोठ्यानं बोल! शेवटपर्यंत ऐकू गेलं पाहिजे!" मग ती खालीच बसायची. असं बरेच दिवस चाललं. एकदा मी छडी टेबलावर आपटली, तेव्हा तिच्या शेजारची उठून म्हणाली, "मॅडम, तिच्या पप्पांची नाइट असते. ती घरी पण अशीच बोलते."

"माझे पण पप्पा नाइटला," मागून कुणीतरी म्हणालं.

"आमच्यात मम्मी पण."

"आमच्यात तर टीव्हीचा आवाजच बंद असतो, नुसतं चित्र बघतो."

वर्गाला विषय मिळाला. एकेक जण घरचं सांगू लागला, हसू लागला. मी इतक्या दिवसांत त्यांना हे विचारलं नव्हतं. बजाजनगरमध्ये शिकवत होते, सकाळ-संध्याकाळ कंपन्यांचे भोंगे ऐकत होते, तरी विचारलं नव्हतं. प्लायवूडपलीकडून सरांनी दोनदा ठोकलं. मी गप्प बसा म्हणायला तोंड उघडलं आणि नुसतीच त्या मुलीच्या बाकाशी गेले. वाकून कान तिच्या तोंडाजवळ नेला.

"सांग."

तिनं उत्तर सांगितलं. बरोबर होतं. मी सरळ व्हायला लागले तशी तिनं माझ्या पदराचं टोक धरलं.

"मॅडम."

"काय?"

"तुम्ही ओरडू नका ना. आम्हाला ऐकू येतं."

शेजारचीनं तोंडावर हात ठेवला. मागचे विचारू लागले, काय म्हणाली, काय म्हणाली? मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मी फळ्यापाशी गेले आणि पुढचं वाक्य सुरू केलं. ते इतकं हळू निघालं की माझं मलाच ऐकू आलं नाही. मागचा बाक म्हणाला, काय मॅडम? मी परत म्हटलं, तर जालना रोडवरचा आवाज आला आणि ती मुलगी दचकली. घरात एक आवाज होता आणि रस्त्यावर एक; या दोन्हींच्या मधला मी कधी काढलाच नव्हता. पलीकडे सर पाढे म्हणून घेत होते. मुलं वाट बघत होती. मी खडू ठेवला, हात झटकले आणि तेच वाक्य तिसऱ्यांदा सुरू केलं.